ठिपक्याचे गिलास

"गिलास वेगळा ठिवला तर कुनाचं काय बिघडतंय," आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या आणि माझ्या लेकीच्याच नेलपॉलिशनं तिच्या गिलासाला लाल ठिपका दिला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

लेकीला, आरोहीला, माजलगावला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तिथं सगळ्या पोरींच्या हातावर टीबी तपासायची सुई टोचली. आरोहीच्या हाताला टणक गाठ आली. मग एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "जंतू अंगात शिरलेत, पण झोपलेत. आजार झालेला नाही, हिच्यापासून कुणाला लागणार नाही. ते जागे होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा गोळ्या, तीन महिने. कॉलेज बुडवू नका." आणि उठता उठता विचारलं, "घरात कुणाला खोकला आहे का?"

"न्हाई," आरोहीचे वडील चटकन म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते पंख्याकडं बघत होते.

आमच्या घरात खोकला नव्हताच. 'आबांचा घसा' होता. आबा म्हणजे माझे सासरे, तलवाड्याचे माजी सरपंच. दिवाळीपासून त्यांचा घसा भिंती हलवत होता. अंगातले सदरे ढगळ झाले होते. आम्ही नाव तंबाखूचं घ्यायचो.

त्याच आबांनी निकाल दिला. "कॉलेज बंद. पोरगी मांजरसुंब्याला मावशीकडं ऱ्हाईल. गावात बोभाटा नको."

मी दुपारी नेलपॉलिशची बाटली घेऊन मांडणीसमोर बसले आणि घरातल्या एकूण एक गिलासाला ठिपका दिला. आबांच्या पितळी फुलपात्रालाही. रंग छान होता, डाळिंबी.

संध्याकाळी जेवताना आबांनी फुलपात्र वर धरलं. "हे कुनाचे चाळे?"

"माझे," मी म्हणाले. "आता कुनाचा कोन्ता, वळखा."

"आगं, आबांच्या बी?" नवरा हळूच म्हणाला.

"आबा घरातलेच हायेत की."

आरोहीनं भाकरी मोडली. "मी मांजरसुंब्याला जात न्हाई, आबा. गोळ्या इथंच खाईन, कॉलेजबी करीन."

आबांनी रागवायला तोंड उघडलं, तर शब्दांच्या जागी घसाच आला. थांबेना. आम्ही सवयीनं आपापल्या ताटात बघायला लागलो. वरणात बघण्यासारखं काही नव्हतं.

आत्याबाईंनी मात्र मान खाली घातली नाही. समोरचा गिलास उचलला, आरोहीचाच होता की दुसऱ्या कुणाचा, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. घोटभर पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"अवो, पोरगी कुठं जानार न्हाई," त्या म्हणाल्या. "खोकताय तुमी. टीबी आसंल तर तुमाला आसंल. तुमचाच लागलाय तिला."