पिवळ्याचा आवाज

"आई, बॅग भरलीस का?" लेकीने फाटकातूनच विचारलं.

"हळू. तो बोलतोय अजून."

म्हातारी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती, तोंड कुंपणाच्या झुडपाकडे. ऊन तापू लागलं की थंडीतले पाहुणे पक्षी परतीला लागत. शेपूट नाचवणारे केव्हाच गेले, थव्याने येऊन भांडणारेही गेले. मागे राहिला होता एकटा पिवळा, मुठीएवढा. तो गेला की घराला कुलूप घालून तिने लेकीकडे कायमचं राहायला जायचं, असं ठरलं होतं. अट तिचीच. "घरात पाहुणे असताना कोण बाहेर पडतं गं?" म्हणाली होती.

डोळे अधू झाले होते, पण कान शाबूत. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. "हिच्याशी खोटं बोलायची सोय नाही," नवरा म्हणायचा. पक्षी तो डोळ्यांनी बघायचा, ही कानांनी. दोघं मिळून एक पक्षी पुरा व्हायचा. नवरा गेल्यापासून अर्धाच उरला होता.

झुडपातून बारीक शीळ आली.

लेक वाकून बघू लागली. फांदीवर काळ्या बसला होता, बारा महिने इथेच राहणारा, दुभंगलेल्या शेपटीचा. त्याने चोच उघडली आणि हुबेहूब पिवळ्याची शीळ घातली. आसपास पिवळं काहीच नव्हतं.

लेकीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"दिसला का गं?"

"हो. आहे की. मी असं करते, पुढच्या आठवड्यात येते न्यायला."

"कसा दिसतोय?"

"छान. पिवळाधमक."

म्हातारी हसली. "डबा कुत्र्याला घालून 'संपवला' म्हणायचीस, तेव्हा अस्साच आवाज व्हायचा तुझा."

लेक ओशाळली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"परवाच कळलं. पिवळा एकदा बोलला की थांबायचा, उत्तराची वाट बघायचा. हा मेला नुसता बोलत सुटतो."

"मग काल फोनवर का नाही सांगितलंस?"

म्हातारीने पदराने चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली. "बॅग दाराआड आहे," एवढंच म्हणाली.

लेक बॅग आणायला आत गेली. म्हातारीने नळाखाली मातीचं भांडं धुतलं, काठोकाठ भरलं आणि चाचपडत झुडपाखाली नेऊन ठेवलं. "पी हो, नकल्या."

आत येऊन मागचं दार ओढून घेतलं तेवढ्यात पुन्हा शीळ आली. तिचा हात सवयीने कानाकडे गेला, पूर्वी हेडफोन असायचा तिथे. क्षणभर तिथेच राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि कडी घातली.