उजवीकडची नथ

“बाबा, प्लीज, ओळख दाखवायची नाही हं. बिल्कुल नाही,” गाडीतून उतरता उतरता प्रणितानं पुन्हा बजावलं.

भाऊसाहेबांनी मुकाट्यानं मान डोलावली. म्हातारपणी लेकीकडून बऱ्याच गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात. पाणी पीत जा, गोळी चुकवू नका, भलते फोन उचलू नका. पण स्वतःच्या बायकोला ओळख दाखवू नका, हे मात्र त्यांना नवीनच होतं.

कुमुदताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आज त्यांचा लिलाव होता. म्हणजे त्यांच्या चित्राचा.

दिल्लीतल्या छतरपूरच्या त्या फार्महाऊसच्या हिरवळीवर जुन्या मोटारसायकली बोहल्यावर चढायला निघाल्यासारख्या नटून उभ्या होत्या. आत काचेच्या कपाटांत चांदीची भांडी होती, मखमलीवर दागिने होते आणि भिंतींवर चहाच्या, साबणाच्या, केसांच्या तेलाच्या जुन्या जाहिराती. भाऊसाहेबांच्या उमेदीच्या काळात ज्या वस्तू रस्त्यावर, देवघरात नि किराण्याच्या दुकानात असायच्या, त्या सगळ्या आता गळ्यात क्रमांक अडकवून बसल्या होत्या. एका कपाटात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी दिसली. कुणाच्या तरी घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवात त्या फिरल्या असणार. त्या घरी आता काय फिरवत असतील, या विचारानं भाऊसाहेबांना उगाचच वाईट वाटलं.

आणि मग पुढच्या भिंतीवर कुमुद दिसली.

डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात मोत्यांची नथ, आणि तोंडभर हसू. खाली मोठ्या अक्षरांत ओळ होती: ‘घरची शिल्लक, घरची श्रीमंती.’ ती ओळ भाऊसाहेबांचीच. सरकारी जाहिरातींचा मराठी मजकूर करण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. त्यांना भरून आलं. खिशातला रुमाल काढावा तर प्रणिता डोळे मोठे करून बघत होती. म्हणून त्यांनी चष्मा पुसल्यासारखं केलं.

हे चित्र काढलं होतं त्यांच्या खात्यातल्या घोषबाबूंनी, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीत. खात्याला मराठी गृहिणीचा चेहरा हवा होता आणि घोषबाबूंच्या ओळखीत मराठी गृहिणी एकच. कुमुदताई एरवी फोटो काढायचा म्हटलं की ओठ मिटून, शाळा तपासायला इन्स्पेक्टर आल्यासारख्या उभ्या राहायच्या. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसू नाही. त्या दिवशीही त्या तशाच ताठ बसल्या होत्या. भाऊसाहेबांना त्यांनी दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि भाऊसाहेब घोषबाबूंच्या मागे उभे राहून बायकोकडे लक्ष ठेवत होते. दूध उतू गेलं, शेगडी विझली, करपट वास गच्चीपर्यंत आला, तरी गृहस्थ हलायला तयार नाही. ते बघून कुमुदताईंना जे हसू फुटलं, ते घोषबाबूंनी झटकन धरलं.

पुढे छापखान्यात चित्राची निगेटिव्ह उलटी बसली. अक्षरं वेगळी जुळवलेली होती, ती सुलटीच राहिली. भाऊसाहेब कच्ची छपाई घरी घेऊन आले आणि त्यांनी ती कुमुदताईंसमोर धरली.

“जमलंय का गं?”

“अगदी हुबेहूब! रोज आरशात दिसते तशीच आहे मी,” कुमुदताई हरखून म्हणाल्या.

झालं. जिचं नाक तीच म्हणते हुबेहूब, तिथं भाऊसाहेब आणखी काय तपासणार? त्यांनी सही ठोकली. पोस्टर महाराष्ट्रभर लागलं आणि आठवड्याभरात खात्यावर पत्रांचा पाऊस पडला. नथ उजव्या नाकपुडीत? दिल्लीच्या बाबूंना मराठी बाई कधी दिसली नाही का? पोस्टर मागे घेतलं गेलं, गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले आणि भाऊसाहेबांची बढती एका वर्षानं लांबली. घरी मात्र या प्रकाराचं हसंच झालं. वाद घालताना भाऊसाहेब हरायला लागले की म्हणायचे, “जिला स्वतःचं डावं-उजवं कळत नाही, तिच्याशी काय बोलायचं!” आणि कुमुदताई म्हणायच्या, “मग सही कुणी केली होती?”

घरी एक प्रत होती. पण त्या काळी दिल्लीतल्या सरकारी नोकरांच्या घरी जाड, कोऱ्या पाठीचा कागद फुकट जाऊ द्यायची पद्धत नव्हती. मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घातली जायची ती जुन्या पोस्टरांचीच. एका जूनमध्ये कुमुदताईंनी स्वतःच्या हातानं स्वतःला कापून, आतल्या बाजूला दुमडून, प्रणिताच्या भूगोलाच्या पुस्तकाला घातलं. वर्ष संपलं, भूगोल रद्दीत गेला.

त्या गेल्या तेव्हा हार घालायला फोटो शोधला, तर सगळ्या फोटोंत मिटलेले ओठ. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर आता तोच एक गंभीर फोटो होता. भाऊसाहेब सकाळी त्याच्याकडे बघून चहा घ्यायचे आणि त्यांना वाटायचं, ही कुणी दुसरीच बाई आहे. हसणारी कुमुद त्यांना हवी होती. मरेपर्यंत रोज समोर हवी होती. म्हणून तर प्रणितानं या लिलावाची जाहिरात दाखवली, तेव्हा जन्मभर काटकसरीच्या ओळी लिहिलेल्या या माणसानं ठेव मोडायची तयारी केली होती.

“काका, तुम्ही मराठी का?”

बाजूला एक मुलगी उभी होती. गळ्यात लिलाव कंपनीचं ओळखपत्र, नाव कादंबरी. लातूरहून यूपीएससीसाठी आली होती, मुनिरक्यात खोली घेऊन राहिली होती. परीक्षेनं हुलकावणी दिली तेव्हा जुन्या वस्तूंची माहिती लिहायच्या या नोकरीला लागली होती. हे सगळं तिनं दोन मिनिटांत सांगून टाकलं. दिल्लीत मराठी माणूस भेटला की असंच होतं.

“हे पोस्टर खूप रेअर आहे काका. नथ चुकली ना, म्हणून सगळी नष्ट केली. पण ही बाई कोण, ते काही केल्या सापडेना मला. तिच्या हसण्याचं मला फार कोडं पडलंय. कुणाकडे तरी बघून हसतेय असं वाटतं ना?”

चित्राच्या बाजूच्या पाटीवर तिनं लिहिलं होतं: ‘अनोळखी स्त्री’.

भाऊसाहेबांचे ओठ हलले. प्रणितानं त्यांचा दंड धरला. “बाबा, चलो, बसू या. जागा जाईल.” आणि कादंबरी लांब गेल्यावर दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, गोष्ट कळली की भाव चढतो. मी चौकशी केलीये. नाव नसलेलं चित्र आपल्याला परवडेल, नाव असलेलं नाही. दहा मिनिटं फक्त गप्प बसा. मग आई आपल्या घरी.”

“बसतो,” भाऊसाहेब म्हणाले.

लिलाव सुरू झाला. मोटारसायकली गेल्या, चांदी गेली. अत्तरदाणी-गुलाबदाणी गुडगावच्या एका हॉटेलवाल्यानं उचलली. मग पडद्यावर कुमुदताई आल्या. बोली लावायची क्रमांकाची पाटी भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी धरली होती. पुढे एक-दोन जणांनी पाट्या वर केल्या, भाऊसाहेबांनीही केली. कडेला टेबलाशी कादंबरी कानाला फोन लावून उभी होती, परदेशातल्या कुणासाठी तरी बोली लावत. तिनंही एकदा हात वर केला, मग फोनवर काहीतरी ऐकून मान हलवली आणि हात खाली घेतला. बाकीचेही थांबले. शेवटची पाटी भाऊसाहेबांची होती.

प्रणितानं त्यांचा गुडघा घट्ट दाबला. “मिळालं, बाबा!”

लिलाव पुकारणारा गृहस्थ मोठा हसतमुख होता. हातोडी उचलून तो म्हणाला, “तो अंकलजी ले जा रहे हैं इस अनजान हसीना को! अब कौन थी, क्या पता. फ़िल्मों की कोई एक्स्ट्रा-वेक्स्ट्रा रही होगी, दो वक़्त की रोटी के लिए नथ पहन ली, वो भी ग़लत तरफ़!”

हॉल हसला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दुपारच्या जेवणानंतर माणसं हसतात तसंच ते हसणं होतं.

भाऊसाहेब उभे राहिले. प्रणितानं त्यांचा शर्ट ओढला, तो तिच्या हातून निसटला.

“अनजान नहीं है,” ते म्हणाले. हिंदी अगदी कचेरीतली, स्वच्छ. “इनका नाम कुमुद पळसुले है. मेरी पत्नी थीं. नथ उन्होंने सही पहनी थी, हमारे छापेख़ाने ने उल्टी छापी. और हँस वो मुझ पर रही हैं.”

माना मागे वळल्या. पुकारणाऱ्यानं हातोडी न ठोकताच हळूच खाली ठेवली, कान पकडले, म्हणाला, “माफ़ी, अंकलजी.” पण कादंबरीच्या कानाशी धरलेल्या फोनमधला माणूस आता भराभरा बोलायला लागला होता. तिनं ऐकलं. भाऊसाहेबांकडे बघितलं. आणि हात वर केला. भाऊसाहेबांनी पाटी उचलली, तिनं पुन्हा हात वर केला. दर वेळी तो हात थोडा जड होत गेल्यासारखा दिसत होता. ठेवीचं टोक आलं तेव्हा भाऊसाहेबांनी पाटी मांडीवर पालथी घातली आणि पडद्याकडे बघत बसून राहिले. पडदा पुढच्या वस्तूवर गेला.

निघताना कादंबरी दाराशी धावत आली. तिचे डोळे लाल झाले होते. “काका, माझं कामच ते…”

“अगं, मग ते केलंस तू. माझं एक काम करशील?”

“केलं काका,” ती म्हणाली. चित्राशेजारची जुनी पाटी तिनं काढली होती. तिथं तिच्या अक्षरात, देवनागरीत लिहिलं होतं: ‘कुमुद पळसुले’.

परतीच्या वाटेवर प्रणिता टॅक्सीत बापाशेजारी बसली. मग एका सिग्नलला तिचा बांध फुटला. “हातात आलं होतं, बाबा! हातात! एक मिनिट गप्प बसला असता तर? यार, कोण ओळखत होतं तिला तिथे?”

“तेच ना,” भाऊसाहेब म्हणाले. “मी ओळखत होतो.”

प्रणितानं खिडकीकडे तोंड फिरवलं. यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत ती रडत होती आणि भाऊसाहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. प्रणिता आत आईच्या कपाटाशी उभी होती. “बाबा, ती नथ आहे ना अजून?”

नथ डबीतच होती. कापसावर, मोती जरा पिवळट झालेले. प्रणिता दिल्लीत वाढलेली. लग्नातसुद्धा तिनं नथ घातली नव्हती. तिनं ती उचलली आणि नाकाशी धरली.

“तिकडे नाही, डावीकडे,” भाऊसाहेब म्हणाले. “चापाची आहे. नुसती दाबायची.”

तिनं नथ डावीकडे बसवली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि कपाटाच्या आरशाकडे वळली. भाऊसाहेब तिच्या मागे उभे होते. त्यांनी आरशात बघितलं. नथ त्यांना पोस्टरमधल्यासारखीच दिसत होती, उजवीकडे.

स्वयंपाकघरातून फस्स आवाज आला. करपट वास दारापर्यंत आला.

“बाबा, दूध!” प्रणिता ओरडली. आरशातच तिनं बापाकडे बघितलं. तो जागचा हलत नव्हता. रडून सुजलेल्या तिच्या चेहऱ्यावर एकदम, तोंडभर, हसू फुटलं. “अहो बाबा, दूध उतू जातंय!”

“जाऊ दे,” भाऊसाहेब म्हणाले. “तू हलू नकोस.”