चौदा जोड

होटगी रोडवरच्या पंपाच्या कारखान्यात सिद्धाराम स्टोअर सांभाळायचा. मोटारीची कॉइल पक्की बसवायला दोन भागांचा मसाला लागे: मधासारखं दाट रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर. एकावाचून दुसरं फुकट. पूर्वी दोन्ही एकाच खोक्यात यायचे, म्हणून रजिस्टरात माप होतं 'जोड'. शहात्तर साली पुरवठादार बदलला. रेझिन पिंपातून, हार्डनर कॅनमधून येऊ लागलं. माप तेच राहिलं. किलोभर रेझिन गेलं की सिद्धाराम एक जोड वजा करी आणि सही करी. शेजारी मॅनेजर चन्नवीरांची सही.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत थंडी जास्त पडली. मसाला लवकर धरेना, तेव्हा कामगार अंदाजानं हार्डनर वाढवू लागले. एका सकाळी फोरमन हरिबा स्टोअरच्या खिडकीच्या जाळीशी आला.

"अण्णा, हार्डनर द्या की."

सिद्धारामनं एकेक कॅन उचलून पाहिला. सगळे रिकामे.

"संपलंय, हरिबा."

"आन् रजिस्टरात चौदा जोड हायती म्हणं?"

"चौदा किलो रेझिन आहे."

"नुसतं रेझिन घिऊन काय करू? डोस्क्याला लावू?"

काम थांबलं. सिद्धारामनं नवं पान आखलं, रेझिनचा रकाना वेगळा, हार्डनरचा वेगळा, दोन्ही वजनावर, आणि तो मॅनेजरकडे गेला.

चन्नवीरांनी पान नीट वाचलं. "तुमचं बरोबर आहे. पण हे आज सुरू केलं, तर दोन वर्षं आपण खोटं लिहिलं असं होतं. सह्या दोघांच्या आहेत."

"मग काय करू, साहेब?"

"चौदा जोड साठवणीत खराब झाले, असं लिहा."

"म्हणजे हयगय माझी?"

"पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचंय ना?" चन्नवीर खाली बघत म्हणाले. "आणि ते रेझिन टाकून द्या. खराब माल स्टोअरात दिसायला नको."

दुपारी सिद्धाराम आणि हरिबानं पिंप कारखान्यामागच्या खड्ड्यापाशी लोटत नेलं. रेझिन संथ, चकचकीत उतरत राहिलं.

"चांगला माल हाय, अण्णा," हरिबा पुटपुटला.

"माहीत आहे."

चौथ्या दिवशी नवा माल आला. हयगयीच्या मेमोवर सही करून सिद्धाराम जाळीआड बसला आणि मापाच्या रकान्यात त्यानं 'जोड' लिहिलं.

"आता खरं किती उरलं, ते कसं कळायचं?" हरिबानं बाहेरून विचारलं.

"मला विचारत जा. रजिस्टर बघू नका," सिद्धाराम म्हणाला आणि त्यानं दार आतून ओढून घेतलं.