तळाचं पाकीट

"कोपरा कुठंय?" स्टोअरबाईंनी विचारलं.

कढईवाल्याने निळी पट्टी पुन्हा उलटसुलट केली, जणू तो कोपरा मागच्या बाजूला लपून बसला असेल. "धुवायला काढली तेव्हा दिसलं, ताई. कालच्या शेवटच्या कढईत गेला असणार. नखाएवढा आहे."

ज्यांना चावता येत नाही अशा आजाऱ्यांसाठी इथे भाज्यांचा मऊ लगदा शिजतो आणि पाकिटांत भरून दवाखान्यांना जातो. कढईच्या भिंतीला चिकटलेलं खरवडायला आत ही प्लास्टिकची पट्टी फिरते. प्लास्टिक निळं, कारण निळी भाजी कुणी पाहिलेली नाही. आणि त्यात लोखंडाची पूड मिसळलेली, कारण तुकडा पडलाच तर पाकीट डिटेक्टरखालून जाताना मशीनने ओरडावं. कोणत्या पुडीची पट्टी घ्यायची, हे स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये बसणाऱ्या बाईंनीच ठरवलं होतं.

"मशीन ओरडलं होतं काल?"

"चकार शब्द नाही."

मागून साहेब आले. हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. "ओरडलं नाही म्हणजे पाकिटात नाही. धुताना मोरीत गेला असेल. गाडी भरायला घ्या."

बाईंना मान डोलवावीशी फार वाटली. पट्टी निवडताना दोन नमुने आले होते. एकात पूड भरपूर. त्याचा मोहरीएवढा तुकडाही मशीन पकडायचं, पण वाकवली की ती पट्टी कडकन मोडायची. दुसऱ्यात पूड बेताची. ती रबरासारखी वाकायची आणि परत सरळ व्हायची. मिटिंगमध्ये बाई म्हणाल्या होत्या, "मोडणारच नाही ते शोधायचं कशाला?" सगळे हसले, साहेबांनी टेबलावर थाप मारली आणि पट्टी ठरली. त्या वाक्यावर बाई पुढे कितीतरी दिवस खूश होत्या. चाचणीला त्यांनी बोटभर तुकडा घातला होता, तेव्हा मशीन बिचारं इमानाने ओरडलं. नखाएवढा घालून बघावा असं मनात आलं होतं. पण जी मोडणारच नाही तिला मुद्दाम मोडायची कशाला, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

आता त्यांनी स्टोअरमधून कोरी पट्टी आणली, करवतीने तेवढाच कोपरा कापला, एका पाकिटात खुपसला आणि ते पाकीट बेल्टवर ठेवलं. पाकीट डिटेक्टरखालून गेलं आणि पलीकडे गुपचूप बाहेर पडलं. त्यांनी परत घातलं. परत गुपचूप. ओरड रे बाबा, अशी आर्जवं त्यांनी आयुष्यात कुणाची केली नव्हती.

"गाडी भरू नका," बाई म्हणाल्या. "पट्टी मी निवडली, चूक माझी आहे. मला काय बोलायचं ते नंतर बोला."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण गाडी थांबली. शेवटच्या कढईची पाकिटं अजून शीतगृहातच होती, तेवढं नशीब. सगळी फोडली. लगदा चाळणीतून हाताने घासायला चार जण बसले, त्यांत बाईही बसल्या. शेवटचं पाकीट संपलं तरी चाळणीत निळं काही आलं नाही.

"ताई," कढईवाला हळूच म्हणाला, "पूड लोखंडाची म्हणजे तुकडा जड ना? तो वर कशाला राहतोय. तळाला बसला असेल."

कढई रिकामी होत आली की तळातलं शेवटचं पाकीट वजनाला कमी भरतं. ते विकायला जात नाही. ते बाईंनी घरी न्यायचं, असं कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. त्यांच्या यजमानांना, टेलरमास्तरांना, अर्धांगवायू झाल्यापासून चावता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. कालचं पाकीट बाईंनीच पिशवीत घालून नेलं होतं.

फोन नणंदेने उचलला.

"वन्सं, त्यांना जेवण दिलंत?"

"मघाशीच भरवलं की. अर्धं खाल्लं आणि दादा तोंड मिटून बसलाय. पाणीही घेईना, मान फिरवतो. रुसलाय नुसता."

"श्वास नीट चाललाय?"

"श्वासाला काय झालंय? वहिनी, काय झालं गं?"

"काही देऊ नका. पाणीसुद्धा नको. मी निघालेच." कारण न सांगताच त्यांनी फोन ठेवला.

साहेबांनी स्वतः गाडी काढली. घास चुकून श्वासनलिकेत गेला तर फार वाईट, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वाटेत बाईंना भलतंच आठवत होतं. मास्तर दुकानात ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, हसायचेसुद्धा. तेव्हा नव्या नवरी असलेल्या बाईंचा जीव कासावीस व्हायचा. एखादी गिळाल ना, असं त्या म्हणायच्या. तोंडात किती आहेत ते मला माहीत असतं, असं मास्तर सांगायचे.

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटीवरून लाळ ओघळलेली, गळ्यातला रुमाल भिजलेला. नणंद वाटी घेऊन हताश उभी होती. बाई चपला न काढताच त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या.

"अहो, मी आलेय. उघडा आता."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. बाईंनी हनुवटीखाली तळहात धरला. चांगल्या बाजूचा ओठ जरासा उघडला, आतून जीभ सावकाश पुढे आली आणि निळा कोपरा बाईंच्या हातावर पडला. चाटून स्वच्छ झालेला होता.

टाचण्या संपल्यावर पुसायचे तसे मास्तरांनी डाव्या अंगठ्याने ओठ पुसले आणि पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवलं. बाईंनी तो कोपरा मुठीत घट्ट धरला. पाणी नणंदेनेच आणलं.