वीस आणि वीस

सोनाराने आणखी एक नाणं काउंटरवरच्या दगडावर टाकलं. ते बद्द वाजलं आणि गप्प झालं.

"हेही अर्ध्याच चांदीचं," तो म्हणाला. "बाकीचं तांबं. कड बघा, लालसर दिसते ना? चांदी महागली तेव्हा सरकारने हात आखडता घेतला."

थोरलीने कड पाहिली. लाल पिशवीतली वीसच्या वीस तशीच निघाली होती, आणि लाल पिशवी तिची होती. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या धाकटीच्या निळ्या पिशवीतलं एकूण एक नाणं मात्र दगडावर पडून कितीतरी वेळ गात राहिलं होतं. छाप तोच, आकार तोच. फरक काय तो खाली कोरलेल्या सालाचा.

जायच्या आधी आईने स्वतःच वाटणी केली होती. दोघींना वीस-वीस, मागाहून भांडू नका म्हणाली होती. धाकटी वर्षातून दोनदा यायची, पाहुणीसारखी, हातात खाऊचा पुडा घेऊन. नऊ वर्षं आईला न्हाऊमाखू घातलं ते थोरलीने. पिकतं तिथे विकत नाही, असं ती शेजारणींना हसत सांगायची.

"एकही नाणं मिसळलेलं नाही," सोनार म्हणाला. "निवडून ठेवल्यासारखी आहेत."

धाकटी कानकोंडी झाली.

"ताई, मनाला लावून घेऊ नकोस. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, ती साल काय वाचणार? चुकून झालं. आपण मिसळून घेऊ, दहा-दहा."

"राहू दे. तिने दिलंय तेच बरं."

"रागावलीस माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला?"

"पण चुकूनच झालं, हे पटतंय ना तुला?"

"हो गं. तिला वाचता कुठे येत होतं."

थोरलीने नाणी एकेक करून पिशवीत ठेवली, वाजू न देता.

आईने वाटणी केली त्या दुपारी थोरली भांडी घासत होती. मागे फरशीवर आई पाय पसरून बसलेली, दोन्ही पिशव्या पुढ्यात. एक नाणं उचलायची, फरशीवर टाकायची, मान कलती करून थांबायची. मग दुसरं. मध्येच म्हणाली होती, "नळ बंद कर गं जरा. ऐकू येत नाही."

थोरलीने हात पुसून नळ बंद केला होता. थेंबसुद्धा पडू नये असा, घट्ट.