उसने रोटिफर

थोरल्या जाऊबाईंच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं होती : एक त्या स्वतः, आणि बाकी सगळी गबाळी. गबाळ्यांत पहिला मान धाकट्या जावेचा. नवरा थोडक्यात हुकलेला.

वाटणीत माशांच्या हॅचरीमध्ये भिंत उठली. इकडे थोरलीच्या टाक्या लख्ख; तिकडे धाकटीच्या टाक्यांना हिरवट चिकटा. "तिथे मासे जन्मतात की डास?" असं थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी.

त्या सकाळी थोरलीच्या रोटिफरच्या टाकीवर फेस आला होता. रोटिफर म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. पण नुकतंच तोंड उघडलेल्या पिल्लाला तोच लागतो, तोही वळवळणारा. कोरड्या खाद्याच्या पुडीकडे ते ढुंकून बघत नाही. थोरलीने थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एकही हलेना.

"काल टाकी क्लोरीनने धुतलीत. मग क्लोरीन उतरवलंत का?"

नवरा डोकं खाजवू लागला. "उतरवणारच होतो."

"उतरवणारच होतात! लग्नाला हो म्हणण्याआधी मीही विचार करणारच होते."

शेजारच्या टाकीत हजारो पिल्लं उपाशी हिंडत होती. आज पोटात काही गेलं नाही तर संपलंच. थोरलीने बादली उचलली आणि भिंतीला वळसा घातला.

"रोटिफर आहेत का? म्हणजे, जिवंत?"

"या ना ताई, किती हवेत?" धाकटीने कारणही न विचारता निम्मी टाकी गाळून बादलीत ओतली.

थोरली आणखीच चिडली. टोमणा मारायलाही अक्कल लागते, ती हिच्यात कुठली!

परत येऊन तिने ते रोटिफर तीनदा धुतले, त्यांना पोटभर शेवाळ पाजलं आणि मगच पिल्लांत सोडले. तासाभराने एक पिल्लू भिंगाखाली घेतलं. काचेसारख्या पोटात ठिपकेच ठिपके.

"खाल्लं की गं!" नवरा खांद्यावरून डोकावला. "तिला सांगून येऊ?"

"बसा. तिचीही टाकी धुऊन याल."

आठवड्याने धाकटीच आली. "ताई, जगली का?"

"जगली," थोरली म्हणाली, आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच तिला आत टाकीपाशी घेऊन गेली. "लांबून बघ हं. हात बुडवू नकोस."