पायाळू बाईचा फोटो

इंदिरानगरात राहणाऱ्या विश्वेश गर्गेला विजांचे फोटो काढायचं वेड होतं, आणि वेडसुद्धा साधंसुधं नव्हे. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा हा चाळिशीचा गृहस्थ ढग दाटून आले की तासाला दांडी मारून गाडी काढायचा. पाच वर्षांत त्याने विजेचे हजारो फोटो काढले आणि ते सगळे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे होते. काळं आभाळ, त्यात एक पांढरी रेघ. स्पर्धेला पाठवले की परीक्षक म्हणायचे, यात माणूस कुठे आहे? हे त्याला फार लागलं होतं. तेव्हापासून हा फोटोत घालायला माणूस शोधत फिरत होता.

माणूस त्याला सापडला ऑक्टोबरात, सिन्नरच्या पुढे, परतीच्या पावसाच्या दिवसांत. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. एका मळ्यात विहिरीशेजारी मोटारीची पत्र्याची खोली होती. पाण्याच्या मोटारीशेजारी जेमतेम एक खाट मावेल एवढी. दारात साठीची एक उंच, सडसडीत बाई तांदूळ निवडत बसली होती. मागे पट्टा किल्ल्याच्या डोंगरावर आभाळ जांभळं झालेलं. विश्वेश गाडीतून उतरला तो फोटो मनात पुरा करूनच.

“मावशी, जरा त्या बांधावर उभ्या राहता का? मागे काय सुंदर विजा चमकतायत.”

“चमकतायत म्हनूनच आत बसलेय ना,” बाई म्हणाली. “मी पायाळू हाय, दादा.”

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेली. वीज अशा माणसाला शोधत येते, असं आपल्याकडे शिकलेसवरलेलेही हळू आवाजात सांगतात. या बाईचं नाव नवसाबाई, तिचा नवरा चौदा वर्षांपूर्वी वीज पडून गेला. ती त्याच्यापासून दहा पावलांवर होती आणि तिला साधा चटका बसला नाही. गावाने निकाल देऊन टाकला: आली होती हिच्यासाठी, नेलं त्याला. तरी मुलगा भारत तिला घरातच ठेवून होता. पण त्याला ओवी झाली, घरात तान्हं बाळ आलं, आणि त्याचाही धीर सुटला. तेव्हापासून मृग लागला की दिवाळीपर्यंत नवसाबाईचा मुक्काम या खोलीत. जेवणाचा डबा तेवढा घरून यायचा. आणि हेच गाव कंबरेत उसण भरली की याच खोलीसमोर येऊन पालथं पडायचं, कारण पायाळू माणसाने पाय दिला की उसण जाते म्हणे! गावाला तिचा पाय चालत होता, बाई चालत नव्हती.

विश्वेशने हे ऐकलं आणि त्याच्यातला मास्तर जागा झाला. “मावशी, मी फिजिक्सचा प्राध्यापक आहे. वीज फक्त उंची बघते. तुम्ही डोक्याकडून आलात की पायांकडून, हे विचारत नाही ती.”

तिने निवडायचं थांबवलं. चौदा वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“हे माझ्या भारतला सांगाल का?”

“सांगतो की.”

“नुसतं सांगून नाय ऐकायचा तो. कंपनीत मशीनवर हाय, डोळ्यानं बघंल तेच खरं.” ती ताट बाजूला ठेवून उठली. “दादा, मी उघड्यावर उभी हाय आन् वीज लांब हाय, आसा फोटो द्याल का? मंग तो मला घरी न्हेईल. ओवी चार वर्साची झाली. पावसात गडगडलं की ती भिती, रडती, आन् तिला कुशीत घ्याया मी नसते.”

“दिला शब्द,” विश्वेश म्हणाला. “आठ दिवसांत फोटो तुमच्या हातात.”

आता गंमत बघा. वीज उंची बघते, हे याचंच वाक्य. आणि याने तिला उभं कुठे केलं? सबंध मळ्यातल्या सगळ्यात उंच बांधावर, झाड नाही की झुडूप नाही अशा जागी. कॅमेरा बाहेर स्टँडवर लावून स्वतः गाडीत बसला, काचा वर केल्या आणि त्याचा रिमोट हातात घेतला. चमकल्यापासून गडगडेपर्यंत त्याने पस्तीस आकडे मोजले. म्हणजे वीज बाराएक किलोमीटरवर होती. एवढ्या लांबूनही एखादी येऊन कोसळू शकते, हे तो दरवर्षी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवायचा.

नवसाबाई चाळीस मिनिटं उभी राहिली. डोळे गच्च मिटलेले, पदर मुठीत, ओठ सारखे हलत होते. एकदा गडगडाट मोठा झाला तशी ती मटकन खाली बसली. विश्वेशने काच चार बोटं खाली केली.

“उठा मावशी, फ्रेम बिघडते!”

ती उठली. घरी जायचं होतं तिला.

संपलं तेव्हा ती भिजून, थरथरत, हसत गाडीपाशी आली. “नाय पडली! दादा, नाय पडली!” तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या क्षणी विश्वेशलाही खरोखर बरं वाटलं. आपण एका बाईचं आयुष्य मार्गी लावतोय, असं त्याला वाटलं आणि ते खोटं नव्हतं.

घरी येऊन त्याने फोटो पाहिले. त्यातला एक अगदी तिने मागितला तसा होता. उजवीकडे बांधावर नवसाबाई, डावीकडे पार डोंगराआड एक बारीकशी वीज, मध्ये मैलोन् मैल मोकळं आभाळ. लहान मुलालाही कळलं असतं की त्या विजेचा आणि या बाईचा काही संबंध नाही. विश्वेशने तो पाहिला आणि नाक मुरडलं. फोटोत जीव नव्हता.

मग त्याने विजांचे फोटो काढणारे सगळेच करतात ते केलं. चाळीस मिनिटांत वेगवेगळ्या वेळी पडलेल्या सात विजा कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवून एका फोटोत आणल्या. यात गैर काही नाही, सांगून केलं तर. वाऱ्याने ढग बाईच्या मागे सरकत गेले होते, त्यामुळे पुढच्या विजा नेमक्या तिच्या डोक्यामागे आल्या. आता त्या सातही विजा तिच्यावर तुटून पडल्यासारख्या दिसत होत्या. स्पर्धेच्या फॉर्मवर प्रश्न होता: फोटो एकाच क्लिकचा आहे का? विश्वेशने थोडा वेळ विचार केला आणि ‘हो’वर खूण केली. शीर्षक दिलं, ‘पायाळू’.

नवसाबाईचा फोटो द्यायचा मात्र राहून गेला. आठ दिवसांचे आठ महिने झाले.

जूनमध्ये निकाल लागला. गर्गे सरांना पहिलं बक्षीस! नाशकात प्रदर्शन ठरलं आणि आयोजकांनी हौसेने फोटोतल्या बाईलाही बोलावून घेतलं. भारत भाड्याची गाडी करून आईला, बायकोला आणि ओवीला घेऊन आला. त्याने तो फोटो कंपनीतल्या पोरांच्या मोबाईलवर आधीच पाहिला होता. आईला तो काही बोलला नव्हता, तिचं तिलाच बघू दे म्हणाला. नवसाबाईने नवं लुगडं नेसलं होतं आणि काखेत अंथरुणाचं गाठोडं होतं. मृग लागून पंधरा दिवस झाले होते, ती खोलीवरूनच आली होती.

“गाठोडं कशाला आणलं, मावशी?” विश्वेशने विचारलं.

“आता फोटो बघितला की हितनं थेट घरीच जायचंय,” ती म्हणाली.

विश्वेशने पडद्याआडच्या फोटोकडे पाहिलं. पण तेवढ्यात परीक्षकांनी माईक हातात घेतला. “एका क्लिकमध्ये सात विजा! तीस वर्षांत मी असा फोटो पाहिला नाही.” टाळ्या झाल्या, फोटोवरचा पडदा सरकला. दाराएवढा फोटो होता तो.

नवसाबाई बघतच राहिली. भारत पुढे आला.

“सर, तुमी प्रोफेसर हायेत म्हनून विचारतो. ह्या सातीच्या साती एकाच टायमाला पडल्या?”

एवढंच म्हणायचं होतं, की नाही हो, मी जोडल्यात त्या. पाच शब्द. बक्षीस गेलं असतं, चारचौघांत नाचक्की झाली असती, आणि नवसाबाई घरी गेली असती. पण बाजूला परीक्षक होते, समोर वार्ताहर होता.

“हो,” विश्वेश म्हणाला. “एकाच क्लिकमध्ये.”

“मी डोळे मिटलेले व्हते,” नवसाबाई हळूच म्हणाली. “मला वाटलं लांब हायेत.” तिने हात पुढे करून फोटोतल्या स्वतःच्या डोक्यावरची वीज बोटाने चाचपली. “म्हंजे भारतच्या बापाला मीच खाल्लं.”

तिचा चेहरा असा झाला की भारतलाच बघवेना. कसाही असला तरी लेक होता. त्याने तिचं गाठोडं स्वतःकडे घेतलं. “चल आई,” तो म्हणाला. “घरी चल. काय व्हायचं ते होऊ दे.”

चार वर्षं ती याच वाक्यासाठी थांबली होती.

“नाय रं बाबा,” ती म्हणाली आणि गाठोडं ओढून घेतलं. “घरात ओवी हाय. मी खोलीवरच बरी.”

ओवी पळत येऊन लुगड्याला बिलगायला गेली. नवसाबाईने तिला दोन्ही हातांनी मागे लोटलं, जोरात, पोर पडता पडता वाचली. विश्वेश तीन हातांवर उभा होता. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली, आणि तरी तो ट्रॉफी धरून तसाच उभा राहिला.

बाहेर लख्ख ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. भारतने गाडीचं दार उघडून धरलं, बायकोनेही दोनदा हाका मारल्या. पण ओवी बसली होती त्या गाडीत नवसाबाई काही केल्या बसली नाही. ती एसटीने गेली.